मामाजींना ऐकू येणाऱ्या रेकॉर्डी

पांढुर्ण्यात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि काउंटरवर मी बसते. "ताई, पंखा आपोआप सुरू होऊन राहिला, घरात काही आहे," म्हणणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली. दर वेळी रेग्युलेटर बिघडलेला निघाला. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी मनात हसत आले, हे आधीच सांगते. आता माझं वाचा.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पूर्वी लग्नांत लाउडस्पीकर लावायचे. मोहगाव, तिगाव, आजूबाजूची सगळी गावं. पुढे काम बंद झालं, रेकॉर्डी लोखंडी पेटीत गेल्या. मग मामाजींचे कानही गेले. मशीन लावूनही उपयोग नाही. शेजारी कुकरची शिटी झाली तरी मान वळत नाही. हळूहळू बोलणंही सुटलं.

यंदा मुलानं पुण्याहून सुटकेससारखा दिसणारा छोटा रेकॉर्ड प्लेयर पाठवला. वायर लॅपटॉपला जोडायची, रेकॉर्ड पूर्ण वाजू द्यायची, फाईल तयार. "कॉम्प्युटरवर घे आणि पेटी विकून टाक, आई." बसनं तासाभरावरच्या सौंसरच्या एका रिटायर गुरुजींना रेकॉर्डींचा शौक, ते घ्यायला तयारच होते.

दुपारी दुकान बंद असताना मी माडीवर काम सुरू केलं. आवाजाचं बटण शून्यावर. स्क्रीनवर रेघ हलताना दिसली की माझं काम झालं. मामाजी खाली ओसरीत, खाटेवर. आणि खालून त्यांचा आवाज आला...

"सुनंदा, थे सनईची लावली नं? मधात अडकते थे. बोट लाव हलकंच."

सुई खरंच अडकली होती.

खाली जाऊन खुणेनं विचारलं, कसं कळलं? "कसं म्हंजे? वाजून राहिली नं!" माझ्याकडेच असं पाहिलं, की जणू बहिरी मी आहे.

आमचे हे म्हणाले, "बाबाले पाठ असन सारं." शक्य होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कव्हरं काढून, रेकॉर्डी मिसळून, न पाहता एकेक लावली. मामाजींनी खालून सगळ्या ओळखल्या. बटण शून्यावर असलं तरी सुईची बारीक किरकिर येते, मला माहीत आहे — पण ती प्लेयरजवळ कान नेला तर. गंमत म्हणजे त्याच रेकॉर्डींच्या फाईली हेडफोन लावून फुल आवाजात ऐकवल्या, तर चेहरा कोरा. "काय लावलं कानाले? गरम होऊन राहिलं."

तरी पेटी सौंसरला गेली. गुरुजींना शब्द दिला होता, आणि मामाजींनीही मान डोलावली होती.

काही दिवसांनी जेवता जेवता मामाजींचा घास हातातच थांबला. "भजनाची लावली," म्हणाले. घरात तर एकही रेकॉर्ड नव्हती. मी गुरुजींना फोन केला.

"वहिनी, आताच लावली! तुम्हाले कोनं सांगतलं?"

मग मी नीट तपासलं. गुरुजींनी मनाला येईल ती लावायची, मला सांगायचं नाही. मामाजी बोलतील ते मी मोबाईलवर पाठवायचं. जुळत गेलं. एकदा मामाजी दुपारभर गप्प. मी खूश. म्हणजे आधीचा सगळा योगायोगच, सुटलं एकदाचं कोडं! फोन केला तर गुरुजी म्हणतात, "लाइटच नाही नं सौंसरले सकाळपासून."

मग एक दिवस गुरुजींनीच कळवलं: काही रेकॉर्डी दोस्तांना दिल्या, काही नागपूरला पाठवून राहिलो. या माणसाला जगातलं एवढंच ऐकू येतं, आणि ते मी गावोगाव वाटायला काढलं. पर्स उचलली, सौंसरची बस धरायची, उरलेली पेटी परत आणायची. मामाजींनी दारातच अडवलं. मी कुठं निघाले ते खुणेनं सांगितलं.

"कायले आणतं?" ते चिडलेच. "पेटीत इतके वर्सं पडल्या होत्या. एक तरी वाजली का? चार घरी वाजून राहिल्या तं वाजू दे. तू काय दुकान सोडून दिवसभर मायासाठी रेकॉर्डी लावत बसशीन?"

बसले नसते, हे खरंच. मी पर्स खुंटीला लावली.

आता रेकॉर्डी कुठे कुठे गेल्या, गुरुजींनाही सांगता येत नाही. कानाच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. कान होते तसेच आहेत. मामाजी मात्र बोलायला लागलेत. कोणाची सुई झिजली, कोण मधेच बंद करतं, सगळ्यांना नावं ठेवत असतात.

काल दुपारी एकदम हसले. "कोनं तरी त्या लावणीच्या रेकॉर्डची मांगची बाजू लावली. लग्नात आपन कधी लावलीच नाही थे. मीबी पयल्यांदाच ऐकून राहिलो!"

ती बाजू मीही लावली नव्हती. फार खरचटलेली म्हणून सोडून दिली होती. म्हणजे पाठ असण्याचा प्रश्नच नाही... आणि पडताळायला माझ्याकडे फाईलही नाही. मामाजी खाटेच्या लाकडावर ठेका धरून ती अनोळखी चाल गुणगुणत होते. मला दुकान उघडायला उशीर होत होता, तरी मी ती शेवटपर्यंत ऐकली.