हौदावरची बायकांची वेळ

आमच्या रेल्वे कॉलनीच्या पार्कात पूर्वी पोहण्याचे दोन हौद होते, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मोठा हौद होता तिथे व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली आहेत. लहान हौदाच्या जागी कण्हेर लावली आहे. मी रोज सकाळी तिथे फेऱ्या मारतो. बरोबरचे निवृत्त लोक कधीमधी विचारतात, "भाई साहब, यहाँ तो पूल था न? बंद कैसे हुआ?" मी सांगतो, पानी की कमी. झाशीत या उत्तरावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

ते उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी चाळीसेक वर्षं दडवलं, आणि ते दडवण्यासाठी एका बाईवर आळ घातला. ती बाई अजून हयात आहे. माझी बायको आता नाही. दोघींची मैत्री मी तोडली, आणि कशी तोडली हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

मी मूळचा विदर्भातल्या कोरड्या भागातला. विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसायचा, त्यामुळे पोहणं माहीतच नाही. रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून इथे आलो, लग्न झालं, आणि बायको आली ती कृष्णाकाठची. झाशीचा पहिला उन्हाळा पाहून ती म्हणाली होती, "इथं हवासुद्धा भाजलेली आहे." मग तिला कुणीतरी पार्कातले हौद दाखवले.

होळीनंतर हौद भरायचे. आत निळा रंग दिलेला, कडेला दगडी फरशी. पार्काच्या विहिरीवर पंप होता. भरलेलं पाणी चार दिवस निळं दिसायचं, मग हळूहळू हिरवट व्हायचं, आणि आठवड्याच्या शेवटी ते झाडांना सोडायचे. कडुनिंबाची पिवळी पानं पाण्यावर तरंगत, माळी जाळीनं ती काढत बसायचा. पोहून बाहेर आलेल्यांच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटायचे आणि बघता बघता वाळून जायचे. मे महिन्यात त्या कॉलनीत एवढी एकच जागा होती जिथे माणसं आपणहून हसत असत.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायकांची वेळ. पुरुष कचेरीत, हौदाभोवती कनात, आणि माळी फाटकाबाहेर पाठ करून बसलेला. बायको येईपर्यंत बायका पायऱ्यांवर बसून पाय बुडवायच्या, एवढंच. पहिल्या दिवशी काय झालं ते मला संध्याकाळी समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी कुंपणावरून सांगितलं. त्यांचे यजमान गार्ड होते. त्या गुरसरायकडच्या, बोलणं बुंदेली, वयानं आमच्याहून थोड्या मोठ्या, अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी.

"भैया, तुम्हाई दुल्हन तो सूधी कूद गई पानी में. हमने तो चिल्लाचोंट मचा दई, अरे कोऊ बचाओ! और बे उते दूसरे किनारे पे निकरीं, बाल निचोरत भईं."

त्या बायकोला 'बिन्नू', म्हणजे धाकटी बहीण, म्हणू लागल्या आणि बायको त्यांना 'जिज्जी'. आठ दिवसांत दोघींचं असं जमलं की कढी कुणाच्या घरची आणि वरण कुणाच्या घरचं, हे मला जेवताना ओळखावं लागे.

बायकोच्या गावाकडे नवशिक्याच्या पाठीवर सुकलेला भोपळा बांधून त्याला पाण्यात सोडतात. इथे भोपळा कुठला मिळणार? तिनं तुपाचे रिकामे डबे जमवले, खंडेराव गेटजवळच्या एका कारागिराकडून झाकणांना डाख देऊन घेतले आणि जुन्या पातळाच्या पट्ट्यांनी ते बायकांच्या पाठीवर बांधले. दोन उन्हाळ्यांत सात-आठ जणी पोहायला लागल्या. जिज्जींना मात्र डबा सुटेना. बायको घरी येऊन त्यांची नक्कल करायची.

"जिज्जी, पैर मारो. पानी नहीं मारेगा आपको."

"पानी नईं मारहे बिन्नू, तुम मार डारहो."

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जिज्जींचा डबा सोडते की नाही बघा."

आता माझं सांगतो. रविवारी सकाळी हौद सगळ्या कुटुंबांना मोकळा असे. तिसऱ्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी नेहमीसारखा बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. बायको लहान हौदाच्या काठावरून म्हणाली, "उतरा ना. कमरेइतकंच आहे." लोक बघत होते म्हणून उतरलो. तळाला शेवाळ होतं. पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि कमरेइतक्या पाण्यात मी हातपाय झाडू लागलो. बायकोनं काखेत हात घालून मला उभं केलं. सगळे हसले. तीही हसली. मी खोकत उभा होतो आणि ती पदरानं माझं तोंड पुसत हसत होती. त्यात वाईट काही नव्हतं. ते मला आज कळतं.

सोमवारी कचेरीत पोचायच्या आत बातमी पोचली होती. "सुना है आप बच्चोंवाले पूल में डूब गए?" मोठ्या बाबूंनी तर महिनाभर एकच चालवलं, "भाई, इनके घर में इंजन वो हैं. ये तो पीछे लगे हैं." मी हसल्यासारखं करायचो आणि घरी येऊन भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलायचो.

माझं हिंदी अक्षर आणि मसुदा चांगला म्हणून पार्क कमिटीचं सचिवपद माझ्याकडे होतं. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी कचेरीच्या टाइपरायटरवर एक अर्ज टाइप केला. खाली लिहिलं, 'कॉलोनी की एक महिला'. पार्काची भिंत बुटकी आहे, कनातीवरून रस्त्यावरच्यांना सगळं दिसतं, घराघरातल्या सुना-मुलींच्या मर्यादेचा प्रश्न आहे, वगैरे. कमिटीच्या बैठकीत मीच तो गंभीरपणे वाचून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "दीवार ऊँची होने तक लेडीज़ टाइम बंद रखिए." मी ते सुवाच्य अक्षरात इतिवृत्तात लिहिलं. भिंतीसाठी पाठपुरावा करणं सचिवाचं काम. मी एकही पत्र पाठवलं नाही.

बायकोनं विचारलं, "कुणी लिहिला अर्ज?"

"निनावी आहे."

"तुमच्या हातात होता कागद. भाषा कुणाची वाटते?"

तीन दिवस ती हेच विचारत राहिली. चौथ्या दिवशी मला भीती वाटली की ती माझ्याकडे बघूनच ओळखेल. मी म्हणालो, "समोरच्यांचा असावा. गार्डसाहेबांना हे पसंत नव्हतं असं ऐकलंय. बायकोला लिहायला लावलं असेल."

जिज्जींचंच नाव का घेतलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण एकच सापडतं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर बायको पदर खोचून जाब विचारायला गेली असती आणि मी उघडा पडलो असतो. पण जवळच्या माणसानं दुखावलं तर ती काही विचारत नसे, गप्प होत असे. हा तिचा स्वभाव मला ठाऊक होता. त्याच्यावरच मी विसंबलो.

दुसऱ्या दिवशी जिज्जींनी कुंपणावरून हाक मारली, "बिन्नू." बायको आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तेव्हा कॉलनीत आमची दहा-बारा मराठी घरं होती. त्यांतल्या दोघातिघांनी विचारलं तेव्हा मी तेच नाव सांगितलं. एवढ्या घरांत गोष्ट पसरायला एक हळदीकुंकू पुरतं. त्या वर्षी जिज्जींना कुणी बोलावलं नाही. गणपतीच्या आरतीला त्या दर वर्षी येत, मोदक शिकायचे म्हणून स्वयंपाकघरात बसत. त्या वर्षी आल्या, तर बायकांनी त्यांना बसा म्हटलं नाही. नंतर मला रस्त्यात गाठून त्यांनी विचारलं, "भैया, बिन्नू हमसे काए रूठी हैं? हमसे का भूल हो गई?"

"तबियत ठीक नहीं रहती उसकी," मी सांगितलं.

हौद भरण्यापूर्वी दर वर्षी पुरेशा घरांच्या सह्या द्याव्या लागत, तरच पंप चालवायची मंजुरी मिळे. अलीकडे कागद घेऊन दारोदार फिरत त्या याच दोघी. पुढच्या होळीला कुणीच फिरलं नाही. सह्या कमी पडल्या, हौद कोरडे राहिले. झाशीच्या उन्हात कोरडा हौद टिकत नाही. तळाचा गिलावा तडकला. त्यानंतरच्या वर्षी पाणी सोडून पाहिलं तर सकाळपर्यंत जिरून गेलं. कमिटीनं कारण नोंदवलं, 'पानी की कमी'. तेही माझ्याच अक्षरात. मग हौदात पाचोळा साठला, शेळ्या उतरू लागल्या, शेवटी राबीट टाकून दोन्ही बुजवले. बुजवायच्या दिवशी बायको खिडकीत उभी होती. ट्रॅक्टर रिकामा होऊन गेल्यावर ती कणीक मळायला बसली.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती अंथरुणावरून फार बोलत नसे. एका दुपारी अचानक म्हणाली, "जिज्जींनी असं का केलं असेल हो? तोंडावर सांगितलं असतं, तर मीच बंद केलं असतं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. तिचा हात माझ्या हातात होता. एवढी मोकळी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती, हे तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "जुनं झालं ते. गोळी घे." तिनं गोळी घेतली. आठ दिवसांनी ती गेली. जिज्जींना कुणी कळवलं नाही. त्यांना कुठूनतरी समजलं, तेव्हा त्या नातवाच्या हाताला धरून आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, तिच्या फोटोकडे बघितलं आणि पाणीसुद्धा न घेता गेल्या.

या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. गार्डसाहेब केव्हाच वारले, त्या मुलाकडे खंडेराव गेटच्या आत राहतात. अंगणात उन्हात खाट टाकून बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टाइपरायटर, बैठक, मी घेतलेलं त्यांचं नाव.

त्यांनी विचारलं, "बिन्नू को बता दओ हतो?"

"नहीं."

"आखिर तक नईं?"

"नहीं."

त्यांनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "हम तो जेई समझत रहे कि जब आप छोटे वाले में गिरे हते, तब हम सबसे ज्यादा हँसे हते. सोची, बिन्नू को अपने आदमी पे हँसबो बुरो लग गओ."

चाळीस वर्षं त्या बाईनं स्वतःच्या हसण्याला दोष दिला होता.

सून चहा घेऊन आली. जिज्जी म्हणाल्या, "रहन दो. भैया जा रहे हैं."

मी निघालो. फाटकापाशी त्यांचा आवाज आला. आता त्यात पूर्वीचा जोर नाही. "और बे मराठी वाले घर? उनसे को कैहे?"

सांगायला ती घरं आता राहिली नाहीत. काही पुण्याला, काही नागपूरला गेली, बरीच माणसं वारली. सिविल लाइंसमध्ये त्यांतल्या एक वहिनी आहेत, त्यांच्याकडे मी तिथूनच गेलो. ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, बाजारात समोरून आली तर आम्ही रस्ता बदलत होतो." मग मला बसायलाही न सांगता आत गेल्या. मग मी आमच्या मुलीला फोन केला. तिचं मराठी ऐकण्यापुरतंच, ती हिंदीत बोलते. ती एवढंच म्हणाली, "पापा, ये आप लिखकर दीजिए. जिन-जिन को कहा था, सबको भेजूँगी."

म्हणून हे मराठीत लिहिलं, कारण ती गोष्ट मराठी घरांत मराठीतच पसरली होती. अर्ज मी लिहिला होता. जिज्जींना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्या वर्षी त्यांना हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्यांपैकी जी कुणी हयात असेल, तिनं जमलं तर त्यांना भेटून यावं. त्यांना ऐकू कमी येतं, जवळ बसून बोलावं लागतं. माझ्या ओळखीनं आल्याचं मात्र सांगू नये.