पाण्याच्या बाजूचे स्टड

रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे आले, तसे आमचे गुजराती शेठ ओरडले, "परत हेड उतरवायचं? गाडी डॉक्टरसाहेबांची छे! दगडू आजथी बंद!"

दगडू आमचा फिटर, शिरपूरकडचा. इंजिन त्यानेच नव्याने बांधलं होतं. सुरतेजवळच्या उधन्याच्या त्या गॅरेजमध्ये मी सुपरवायझर. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी, आणि ते मी लपवत नसे.

"शेठ, आधी मला बघू द्या. माणूस नंतर काढा."

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली सळई. खालचं टोक ब्लॉकमध्ये बसतं, वरच्या टोकावर नट कसून हेड दाबायचं. दाब कमी पडला की गॅस पाण्यात शिरतो.

मी नट तपासले. एका बाजूचे सहज फिरले, दुसऱ्या बाजूचे हलेनात. कसणारा हात एक, पाना एक. मग असं का? सैल बाजूच्या स्टडची भोकं खाली इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत उघडत होती. पण पाण्याने नट सैल कसा पडेल?

हेड उतरवलं. सैल स्टडवर दोन नट एकमेकांना भिडवून तो उलटा फिरवला. बाहेर आला तर आट्यांत करपलेला धागा!

"हे काय, दगडू?"

"सूत शे, साहेब. सफेदा, तो गळती बुजवायचा पांढरा रंग, लावून गुंडाळलं. डाईंगच्या मिलमध्ये स्टीमच्या पाइपाला असंच करायचो. थेंब गळत नव्हता."

"आणि त्या बाजूला?"

"तिकडे पाणी कुठंय? सूत कशाला नासवू?"

शेठना त्या काटकसरीचं हसू फुटलं. "आ तो पाक्को सुरती थई गयो!"

मी म्हणालो, "शेठ, आट्यांतून पाणी वर चढतं, हे त्याने बरोबर ओळखलं. सामान चुकलं. पाइपाला नुसतं पाणी अडवायचं असतं, स्टडला हेड ओढून धरायचं असतं. सूत जळलं, आट्यांत जागा झाली, नट सैल पडला."

दगडूने आटे ब्रशने घासले, सीलिंग पेस्टचा पातळ हात दिला, हेड आणि ब्लॉकच्या मधलं नवं गॅस्केट टाकलं. नट मधून कडेला, थोडे थोडे करत कसले. शेठ स्वतः गाडी नवसारीपर्यंत नेऊन आले. रेडिएटर शांत.

"काले टाइम पर आवजे," दगडूला एवढंच म्हणाले. उद्या वेळेवर ये, म्हणजे नोकरी राहिली.

गळती थांबवणं आणि पकड धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. फिटरला काढून टाकल्याने त्यांतलं एकही होत नाही.