बारवेतला गुलाबी डाग

शेतातली सोयाबीनची सुडी मळून झाली, पोती रिसोडच्या मार्केटात गेली, की मला पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचा फोन येतो. "ताई, सोमवारपासून या." एवढंच बोलतात. मग दिवाळीनंतरपासून होळीपर्यंत मी आमच्या गावाबाहेरच्या जुन्या बारवेवर आणि तिच्याभोवतीच्या बागेवर कामाला असते. कागदावर माझं पद 'हंगामी देखरेख मजूर' असं आहे. मी बी.ए. झालेली आहे, हे कागदावर कुठं नाही, आणि गवत उपटताना त्याचा उपयोगही नाही.

बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली दगडी विहीर. चारी बाजूंनी कोनाडे आहेत, काहींत झिजलेल्या मूर्ती आहेत, बाकी रिकामे. शेकडो वर्षांची आहे म्हणतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथं देखरेखीला कोणीही नसतं, आणि जे काय व्हायचं ते त्याच महिन्यांत होतं. मी दरवर्षी दिवाळीनंतर पहिल्या दिवशी फाटक उघडते आणि माझ्या मागच्या हंगामाचं काहीही शिल्लक नसतं. बागेत कमरेएवढं गाजरगवत. पायऱ्यांवर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, पाण्याचे पाऊच, दारूच्या बाटल्या. खालच्या कोनाड्यावर कोणीतरी ऑइल पेंटनं बदाम काढून त्यात दोन अक्षरं लिहिलेली. दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपं. ती ओढायची नसतात, कारण मूळ आत गेलेलं असतं आणि ओढलं की दगड हलतो. कापली की पुन्हा फुटतात. त्यांचं काय करायचं ते साहेबांना मी दरवर्षी विचारते. ते दरवर्षी म्हणतात, "वर विचारून सांगतो."

माझ्यासोबत गावातले एक काका कामाला असतात. ते बागेचं बघतात, मी बारवेचं. ते फार बोलत नाहीत. पहिल्या वर्षी मी फार चिडचिड करायचे तेव्हा एकदाच म्हणाले होते, "पोरी, रोज सैपाक करतंच ना? थो तरी कुठं टिकते?" मला त्यानं काही समाधान झालं नव्हतं. स्वयंपाक निदान घरचे खातात.

मागच्या हिवाळ्यात मात्र काम मनासारखं झालं होतं. पाऊस बरा झालेला, त्यामुळे संक्रांतीपर्यंत पाणी वर होतं आणि स्वच्छ होतं. मी एकेक पायरी पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतली होती. तारेचा ब्रश दगडाला चालत नाही, ओरखडे पडतात. बदामाचा पेंट निघायला तर कित्येक दिवस गेले. बोटांची कातडी निघाली, पण निघाला. काकांनी बागेत झेंडू लावला होता. सकाळी आठ-नऊच्या उन्हात बारव अशी दिसायची की मी डबा घेऊन मुद्दाम वरच्या पायरीवर जेवायला बसायचे.

त्याच दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीचा रिसोडहून फोन आला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा पुण्याला कंपनीत.

"अवं, पोट्टीनं तुहीच बारव पसंत केली," बहीण म्हणाली. "लग्नाआधीचे फोटो काढते ना आजकाल, थे. जवायाले दाखवली तं तोही म्हणे येथंच करू."

मला आधी बरंच वाटलं. मी म्हटलं, "काढा ना, खुशाल काढा. पण धूर, लायटिंग, ड्रोन असं काही आणणार असान तं हापिसाची परवानगी लागते."

"घरचं माणूस तेथं असून परवानगी कायले?"

"घरचं माणूस तेथं हाये म्हणूनच सांगून राह्यली, बाई."

बहिणीला आम्ही लहानपणापासून बाई म्हणतो. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी आहे. आई शेतात जायची तेव्हा मला तिनंच सांभाळलं. तिनं फोन ठेवला तो न बोलता ठेवला, त्यावरूनच मला कळलं की हे इथं थांबणार नाही.

दोन-तीन दिवसांत साहेबांचा फोन आला. जावयाच्या मामांची कुठंतरी ओळख निघाली होती. "ताई, तुमच्याच घरचं कार्य आहे म्हणे. करू द्या शूटिंग. तासाभराचा तर प्रश्न आहे." मी धुराचं विचारणार होते, तोवर फोन कटला होता.

ते आले तेव्हा दोन गाड्या भरून आले. फोटोग्राफर आणि त्याची तीन-चार माणसं अकोल्याची. भाचीनं पांढरा, मागं लांबच लांब लोळणारा झगा घातला होता. ती पळत येऊन मला बिलगली. "मावशी, किती मस्त केली तुमी हे." त्या पोरीवर माझा जीव आहे. तिला तसं हसताना बघून मी पण ठरवलं की आज गप्प राहायचं.

पण गप्प राहता आलं नाही. फोटोग्राफरची माणसं दिव्यांच्या माळा बांधायला लागली आणि बांधायला काही सापडेना, तेव्हा एकानं हातोडी काढली. मी पायऱ्या उतरून जाईपर्यंत त्यानं सांध्यात खिळा ठोकला होता. कोनाड्याच्या कडेचा दगडाचा टवका उडून पाण्यात पडला. मला त्याचा आवाज आला.

"खिळा काहून ठोकला?" मी विचारलं.

"काढून टाकतो ना मावशी जाताना," तो म्हणाला.

मग त्यांनी धुराच्या नळकांड्या काढल्या. एक गुलाबी, एक निळी. मी फोटोग्राफरला सांगितलं की हे चालणार नाही. तो म्हणाला परवानगी आहे. मी म्हटलं शूटिंगची आहे, याची नाही. त्यानं माझ्या बहिणीकडं बघितलं. बहीण वरच्या पायरीवर जावयाच्या आईजवळ उभी होती. ती खाली आली आणि माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेली.

"विहीणबाईसमोर माही इज्जत काढू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "पोट्टीचा एक दिवस हाये."

"बाई, डाग पडते त्याचा दगडावर."

"माणसाइतके मोठे झाले का तुले दगडं?"

मी साहेबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात खाली गुलाबी धूर निघायला लागला होता. नळकांडी त्यांनी कोनाड्यात, मी पेंट काढलेल्या जागेवर ठेवली होती. धूर पायऱ्यांवरून पाण्यावर पसरला आणि त्यात भाची आणि जावई हात धरून उभे राहिले. काका झेंडूच्या वाफ्याजवळ खुरपं हातात धरून नुसते बघत होते.

ते गेल्यावर मी खाली गेले. खिळा तसाच होता. कोनाड्यात गुलाबी डाग होता, पाण्यावर रंगाची साय. मी लगेच पाणी मारलं, आणि ती माझी चूक झाली की काय कोण जाणे, डाग जायच्याऐवजी दगडात मुरला आणि खाली पायरीपर्यंत ओघळला. पुढचे कित्येक दिवस मी तो घासत होते. तो जांभळट होत गेला. गेला नाही.

साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी मोबाइलवर डागाचा फोटो घेतला. मग मला विचारलं, "हे होत असताना तुम्ही कुठं होतात?"

"येथंच होती साहेब. तुम्हाले फोन लावला होता."

"मी शूटिंगला हो म्हटलं होतं. धुराला नाही. तुम्ही अडवायला पाहिजे होतं."

 बोलायला काही कमी होतं असं नाही, उलट इतकं होतं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. साहेब वाईट नाहीत. त्यांच्याकडे अशा पुष्कळ जागा आहेत आणि गाडी एक आहे. पण त्या दिवशी ते फाटकातून गेल्यावर मी ब्रश फेकला. तो बागेच्या कुंपणात जाऊन अडकला. काकांनी तो काढून आणून दिला, तेव्हाही ते काही बोलले नाहीत, याचाही मला राग आला.

लग्न रिसोडच्या मंगल कार्यालयात झालं. स्टेजच्या बाजूला मोठ्या पडद्यावर तेच फोटो सरकत होते. भाची, जावई, गुलाबी धूर, मागं पायऱ्या. फोटो चांगले आले होते, हे मला मान्य करावं लागलं. बायका विचारत होत्या, हे कुठलं, राजस्थानातलं का? माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी म्हटलं, नाही, इथलंच आहे, मी तिथं कामाला आहे. त्या "हो का" म्हणाल्या आणि जिलबी मागायला वाढप्याकडं वळल्या. बहिणीनं मला साडी नेसवली, कुंकू लावलं, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. आमच्या दोघींमध्ये असं कधी झालं नव्हतं. परत येताना वाशिमजवळच्या मालेगावच्या एसटीत नवरा म्हणाला, "कायले एवढं मनाले लावून घेतं?" 

ते फोटो भाचीनं मोबाइलवर टाकले होते. आठवड्याभरात वाशिमचं एक जोडपं आलं, मग मंगरूळपीरचं. प्रत्येकाकडं धूर. मी नाही म्हटलं की ते मोबाइल काढून भाचीचा फोटो माझ्यासमोर धरायचे. "हे येथचंच हाये ना मावशी? मंग आमालेच काहून नाही?" मी साहेबांना फोन करायचे. ते म्हणायचे, "एकाला दिली, आता दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तुम्ही समजावून सांगा." मी समजावून सांगायचे. काही ऐकायचे. बाकीचे मी वरच्या फाटकाकडं गेले की खाली पेटवून मोकळे व्हायचे.

पुण्याला जायच्या आधी भाची एकदा नवऱ्यासोबत आली. जाता जाता पाया पडायला म्हणून आली होती. पाणी आता बरंच उतरलं होतं. मी सांगायच्या आधीच ती कोनाड्याजवळ जाऊन थांबली.

"मावशी, हे आमचंच का?"

"खालचं तुमचं. बाजूचं दुसऱ्याचं."

ती वाकून बोटानं घासायला लागली. मी म्हटलं, "राहू दे. घासून वाढते थे."

"मंग कशानं जाते?"

"मले नाही माहीत."

जावई मागं उभा होता, त्यानं मोबाइल खिशात ठेवला. भाचीला रडू आलं आणि मलाच तिची समजूत काढावी लागली. चहा पाजला, ओटी भरली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, लग्नानंतरचा पहिलाच. पोरीनं काय सांगितलं त्याचा विषय तिनं काढला नाही. हरभरा काढला का, विचारलं. मी म्हटलं, काढून राह्यलो. मग थोडं घरचं बोललो. तिनं माफी मागितली नाही, मी पण मागायला लावली नाही.

होळी जवळ आली तेव्हा आणखी एक जोडपं आलं. सोबत कॅमेरा, झगा, नळकांड्या, सगळं. मी नाही म्हटलं, त्यांनी फोटो दाखवला, फोटोग्राफरनं कोणालातरी फोन लावला आणि मला म्हणाला, "साहेबाची हो हाये." मी खाली गेले, कोनाड्यासमोरच्या पायरीवर खुरपं घेऊन बसले आणि सांध्यांतलं गवत काढायला लागले. तिथं गवत फारसं नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, दहा मिनिटं बाजूले व्हा. मी म्हटलं, काम चालू हाये. तो वर गेला, खाली आला, मुलीच्या वडिलांना घेऊन आला. मी मान वर केली नाही. काका फावडं घेऊन आले आणि माझ्या खालच्या पायरीवर बसून चिखल काढायला लागले. ऊन कोनाड्यावरून सरकत वर गेलं. मग मुलीचीच आई म्हणाली, "चला बापा येथून, शेतात काढू." ते गेले. जाताना मला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"ताई, तक्रार आहे. तुम्ही मध्येच बसून राहिलात म्हणे."

"हो."

"का?"

"गवत काढत होती साहेब."

 मग म्हणाले, "बरं. हंगाम संपतोच आहे आता. हत्यारं काकांकडं जमा करून द्या."

पुढच्या वर्षी बोलावणार की नाही, हे मी विचारलं नाही. काकांनी फाटकाला कुलूप घातलं. बाजूचं कुंपण दोन ठिकाणी तुटलेलं आहे. तेही मी साहेबांना दरवर्षी सांगते.