डाव्या कानातला आवाज

डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानात बारीक दिवा धरून पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, परफोरेशन आहे." म्हणजे कानाच्या पडद्याला भोक. मी नर्स, मला अर्थ सांगायची गरज नव्हती. आदल्याच दिवशी त्यांनी हाच शब्द सीतेच्या आतड्याबद्दल वापरला होता.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. मी गोंदियाच्या एका दवाखान्यात कामाला होते. सीता सतरा वर्षांची. तीन आठवड्यांच्या टायफॉइडनंतर तिला केशोरीहून बैलगाडीनं अर्जुनीला आणि तिथून रेल्वेनं आणलं होतं. पोट लाकडासारखं घट्ट झालेलं. "ऑपरेशन सोसणार नाही," डॉक्टर मला म्हणाले. "तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही." मांडीत सलाईन चालू होतं, पण तिचा घसा कोरडाच.

"बाई, घोटभर पानी दे वो," ती सारखी म्हणायची. मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायची.

तिचा बाप सोमाजी खाटेच्या पायथ्याशी उभा असायचा. "पोरगी पानी मांगून राहिली, अन् तुमी कापूस फिरवता?"

"डॉक्टरांचा हुकूम आहे. बाजूला व्हा," मी म्हणाले. वॉर्डात आणखी अकरा रोगी होते. त्याच्याशी मी बोलले ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीता गेली. मी तिच्या तोंडावर चादर ओढत होते, तेवढ्यात सोमाजीचा हात कानावर बसला. आधी दुखलं नाही. शेजारी पितळेचं भांडं आपटल्यासारखं झालं, मग त्या बाजूचं जगच बंद. मानेवर काहीतरी ऊन ओघळलं. सोमाजीचे ओठ हलताना दिसत होते. शब्द उजव्या कानानं ऐकले. "तहानेनं मारलं माह्या पोरीले."

कंपाउंडर म्हणाले, "जाने दो बाई, उसकी बेटी मरी है."

डॉक्टर म्हणाले, "त्याची पोरगी मेली हे खरं. सिस्टरला मारलं हेही खरं. सिस्टर, रिपोर्ट लिहा." मी लिहिला. अक्षर माझं वाटत नव्हतं. सोमाजीनं काही दिवस कोठडीत काढले.

मला सांगितलेलं पथ्य असं होतं: कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. मध्ये पू झाला, पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यावी लागली. दोन महिन्यांनी नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. "भोक भरलं. ऐकू मात्र निम्मंच येईल. हा जो आवाज येतो ना, त्याला टिनिटस म्हणतात. बाहेर काही वाजत नसतं, ते कानातच असतं. सवय होईल."

सवय झाली नाही. दुपारी वॉर्ड शांत झाला की कानात रातकिड्यांसारखी किरकिर सुरू व्हायची आणि त्या किरकिरीतून कुणीतरी पाणी मागायचं. मी उठून सगळ्या खाटांवर नजर टाकायची. कुणी मागत नसायचं. एका म्हाताऱ्यानं माशी हाकलायला हात उचलला, तर माझ्या हातून औषधांचा ट्रे पडला.

धानाची कापणी उरकल्यावर सीतेची आई, सगुणाबाई, एकटीच आली. व्हरांड्यात माझ्या डाव्या बाजूला बसून बोलू लागली. मला कळेना. मग तिच्याच लक्षात आलं. ती उठून उजवीकडे येऊन बसली.

"बाई, पानी काऊन नाही देलं?"

मी तिला सांगितलं. आतड्याला भोक होतं, प्यायलेलं सगळं पोटात सांडलं असतं, पोरीचं दुखणं वाढलं असतं.

"देलं नाही, तरी गेलीच ना?"

"हो. ती वाचेल असं डॉक्टरांना वाटतच नव्हतं."

"आमाले कोनी सांगतलं नाही," ती म्हणाली. तिनं पदर डोक्यावर नीट ओढला. मग म्हणाली, "मंग तो कापूस तरी माह्या हातात काऊन नाही देला?"



तिनं नवऱ्याच्या वतीनं माफी मागितली नाही, मीही तिची मागितली नाही. तिला फाटकापर्यंत पोचवून आले.

ज्या पोरी आता या कामात येतायत त्यांना सांगते. कुणी हात उगारला तर रिपोर्ट लिहा, कुणी कितीही "जाने दो" म्हटलं तरी. सोमाजीला मी आजही माफ केलेलं नाही. त्याचं दुःख मोठं होतं, म्हणून माझा कान काही त्याचा होत नाही.

पण सगुणाबाईचे उपकार मी विसरत नाही. त्यानंतर ज्या ज्या रोग्याला पाणी बंद असे, त्याच्या माणसाला मी खाटेजवळ बसवलं, का बंद ते दोनदा सांगितलं आणि ओला कापूस त्याच्या हातात दिला. मी मनगट धरून दाखवायची, कुठं टेकवायचा, किती.