हसायचं नाही

पेन्शनच्या कामासाठी फोटो हवा होता, म्हणून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. माझ्या आधी एक मुलगी होती. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला, व्हिसासाठी फोटो काढायचा होता.

"केस कानामागे घे. आणि हसायचं नाही," फोटोग्राफर म्हणाला.

नेमकं तेव्हाच कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तिच्या आईने सवयीने डोळे मिचकावले आणि मुलगी खुदकन हसली. दोनदा असंच झालं.

"काकू, तुम्ही जरा बाहेर थांबा बरं."

काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि काचेतून आत बघत राहिल्या. खुळखुळा वाजवून, काऊचिऊ दाखवून या पोरीला प्रत्येक फोटोत त्यांनीच हसवलं असणार. आता त्या बाहेर बसल्यावर फोटो नीट आला.

पैसे देताना त्यांनी हळूच विचारलं, "ते बिघडलेले फोटो पुसू नका हं. मला द्याल?"

माझ्याही पर्समध्ये मुलाचा व्हिसाचा उरलेला एक फोटो असतो. तो एकटाच गेला होता काढायला. दोन्ही कान स्वच्छ दिसतात. पहिल्याच वेळी अगदी बरोबर आला होता.