चुना न लावलेला पट्टा

आज शेजारी चुना कालवला आणि वासासरशी दौंडमधली भीमेकाठची गल्ली आठवली. मी नवखी सर्व्हेअर, पूररेषेच्या खुणा करत होते. तिथे राहणाऱ्या अंजनामावशी बुद्धजयंतीसाठी घराच्या भिंतीला चुना लावत होत्या. खिडकीखालचा मातकट पट्टा मात्र तसाच होता.

"मावशी, एवढं राहिलं की!"

"राहिलं न्हाई बाई, ठिवलंय. पुराचं पानी हितवर आलं व्हतं. दरसाली सोडते, इसराय नको."

नकाशाप्रमाणे त्यांचं घर सुरक्षित होतं. माझी लाल खूण पार उंबऱ्याखाली. मी ती पुसली आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला नवी ओढली.

"हुशार हाय पोरगी," म्हणत मावशींनी चहा दिला, जणू पूर मीच शोधला होता. गंमत म्हणजे, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.