मैनाचा आरसा मी लपवला

माझी सून मैना म्हणजे गरीब गाय, हे पावसच्या खाडीकाठी सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी वागायची तशीच वागले.

जाळी विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कातर कोण शोधत बसणार, म्हणून नायलॉनचा दोरा ती दातांनीच तोडायची. ती खोड मीच लावलेली. सत्त्याऐंशी साली तिचा जबडा धरला. तोंड बोटभरही उघडेना, पेजेवर दिवस काढू लागली. मुलगा गणपतीला मुंबईहून आला, तेव्हा तिला रत्नागिरीला घेऊन गेला.

तिथल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी गाल शेकले, चोळले आणि बजावलं, दिवसातून सहा वेळा आरशासमोर उभं राहून, जीभ टाळूला लावून, तोंड हळूहळू उघडायचं. जबडा एका बाजूला सरकता कामा नये.

"ह्या कसला औषद गो? ना गोळी, ना सुई," मी म्हटलं.

मुलगा परत गेला. मैना पडवीत आरशापुढे तोंड उघडून उभी होती, तेवढ्यात शेजारची सखू आली.

"आनंदीबाय, सून तुला वेडावते की काय?" ती हसत म्हणाली.

झालं, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुपारी मी आरसा काढून लपवला. मैनाने घरभर शोधून मला विचारलं, तर म्हटलं, "मांजरान फोडलान आसंल." बिचारी कळशीतल्या पाण्यात बघून करू लागली, पण जबडा सरकायचा आणि कळ यायची. आठ दिवसांनी तिने सोडून दिलं. मला तेव्हा बरंच वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

महिन्याने तिला दाखवायला मीच नेलं. बाईंनी तिच्या दातांमध्ये बोट घालून पाहिलं. तीन बोटं जायला हवी होती, एकही धड जाईना.

"महिना फुकट घालवलात. आता हा सांधा पुरता मोकळा होईल असं मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "व्यायाम का नाही केलात?"

मैनाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं, ते मला तेव्हा कळलं.

"माजाच आळस झाला, बाय," ती मिटल्या दातांतून म्हणाली.

बाई तिला बराच वेळ रागे भरत होत्या. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि मी तिला ऐकू दिलं.